हा काय अवतार? सेकंड लाइफमध्ये ढग, राखाडी पुतळे आणि वाकडे हातपाय दिसू लागले तर

दर रविवारी रात्री आठ वाजता मी नाशिकहून आणि माझी मावसबहीण टोरोंटोहून सेकंड लाइफ या इंटरनेटवरच्या आभासी जगात भेटतो, तिथलं आपापलं रूप म्हणजे अवतार घेऊन. तिच्याकडे तेव्हा सकाळ असते. एका रविवारी लॉगिन केलं तर माझ्या जागी पांढुरका धुराचा गोळा. हात नाहीत, पाय नाहीत, डोक्यावर फक्त नाव तरंगतंय. मी लिहिलं, "अगं, मी ढग झालेय." तिचं उत्तर आलं, "ताई, मला तर तू नीट दिसतेयस. निळी साडी, अंबाडा, सगळं जागेवर आहे."

दुखणं कुठे आहे ते तिच्या त्या एका वाक्यात आलं होतं. मी मात्र पुढचे तीन रविवार कॅशे (आधी उतरवलेल्या चित्रांचा संगणकावरचा साठा) पुसण्यात आणि व्ह्यूअर (सेकंड लाइफ दाखवणारा प्रोग्राम) पुन्हा पुन्हा टाकण्यात घालवले. असे रविवार आणखी कुणाचे जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

घरात मूल चिखलात लोळून आलं की आपण म्हणतो, "हा काय अवतार!" सेकंड लाइफमध्ये हेच वाक्य शब्दशः तोंडी येतं, कारण तिथे अवतार बिघडायचे प्रकार बरेच आहेत. कुणी ढग होतो, कुणी राखाडी पुतळा, कुणाचं धड लाल दिसतं, तर कुणाची मान खांद्यात रुतून हात गुडघ्यांपर्यंत लांबतात. वरवर हे सगळे एकाच आजाराचे प्रकार वाटतात, पण त्यांची कारणं वेगवेगळी आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. त्यामुळे काहीही करायच्या आधी शेजारी उभ्या असलेल्या कुणालाही एकच प्रश्न विचारा: मी तुम्हाला कशी दिसतेय?

उत्तर "नीट दिसतेयस" असेल तर बिघाड तुमच्या बाजूला आहे. तुमचा संगणक, तुमचं इंटरनेट किंवा तुमच्या व्ह्यूअरची एखादी सेटिंग. "आम्हालाही ढगच दिसतोय" असं सगळे म्हणाले तर तुमच्या रूपाची जी नोंद सर्व्हरकडे असते तिच्यात घोळ आहे. आणि तुम्ही स्वतःला छान दिसता, पण दोघा-तिघांनाच विचित्र दिसता, असं असेल तर बहुधा त्यांच्या सेटिंगमुळे किंवा तुम्ही अंगावर चढवलेल्या जड वस्तूंमुळे तसं होतंय. या तीन वाटांपैकी आपली कोणती हे कळल्याशिवाय हात घालू नका.

अवतार शिजतो कुठे

सेकंड लाइफ २००३ साली सर्वांसाठी खुलं झालं. तिथल्या मूळ अवतारावर त्वचा, टॅटू, आतले कपडे, शर्ट, पँट असे एकावर एक थर चढतात. प्रत्येक थर वेगळा पाठवायचा तर आजूबाजूच्या प्रत्येकाला ढीगभर चित्रं उतरवून घ्यावी लागतील. म्हणून सगळे थर एकत्र करून डोकं, वरचं अंग, खालचं अंग अशी थोडी तयार चित्रं बनवतात. या कामाला तिथे बेकिंग म्हणतात, आणि ते नव्याने करायला लावणं म्हणजे रीबेक.

२०१३ पर्यंत हे बेकिंग तुमच्याच संगणकावर व्हायचं आणि तयार चित्रं तिथून वर चढवली जायची. संगणक जुना किंवा अपलोड मंद असला की चित्र अर्ध्यात अडकायचं. मग तुम्ही स्वतःला ठीक दिसायचा आणि बाकीच्यांना राखाडी. २०१३ साली हे काम सर्व्हरकडे गेलं. त्या आधीच्या काळातले सल्ले आजही लोक एकमेकांना देतात. त्यातले बरेच आता लागू नाहीत, हे लक्षात ठेवा.

आज काय होतं ते नीट समजून घ्या, कारण ढगाचं मूळ तिथेच असतं. तुमच्या इन्व्हेंटरीत, म्हणजे तिथल्या तुमच्या सामानाच्या यादीत, 'करंट आउटफिट' नावाचं एक फोल्डर असतं. तुम्ही या क्षणी काय काय घातलं आहे त्याचे दुवे त्यात असतात. सर्व्हर हे फोल्डर वाचतो, त्यातले थर गोळा करतो, चित्रं शिजवतो आणि ती घ्या असा निरोप सर्वांच्या व्ह्यूअरला पाठवतो. या फोल्डरात चार गोष्टी असल्याच पाहिजेत: शेप म्हणजे बांधा, त्वचा, केसांचा बेस आणि डोळे. अंगावर विकतचं मेश (मूळ अवतारावर चढवायचं वेगळं घडवलेलं त्रिमितीय) शरीर आणि मेश डोकं असलं तरी या चार वस्तू आत लागतातच. यातली एक जरी मिळाली नाही तर अवतार पूर्ण होत नाही आणि तुम्ही ढगच राहता. तसंच फोल्डरात काय आहे याबद्दल तुमच्या व्ह्यूअरची समजूत एक आणि सर्व्हरची दुसरी झाली, तरी बेकिंग अडतं.

(जुने लोक ढगाऐवजी "रुथ झाले" असं म्हणतात. पूर्वी अवतार उतरेपर्यंत ढग न दिसता एक ठरावीक साधी बाई दिसायची, तिचं नाव रुथ. दाढीमिशावाले गृहस्थही काही मिनिटं रुथ होऊन उभे राहायचे.)

सगळ्यांनाच ढग दिसत असेल तर

लॉगिन केल्यावर मिनिटभर ढग असणं स्वाभाविक आहे, तेवढं थांबा. त्यानंतरही ढग राहिला तर कंट्रोल, ऑल्ट आणि आर एकत्र दाबा. हा रीबेक. एकदा दाबून अर्धा-एक मिनिट वाट पाहा. लोक बोट उचलतच नाहीत, पुन्हा पुन्हा दाबत राहतात. त्याने नवी विनंती तेवढी जाते, काम लवकर होत नाही.

रीबेकने भागलं नाही तर कपडे बदला, आणि तेही पूर्ण बदला. एखादा शर्ट काढून घालणं पुरेसं नाही. इन्व्हेंटरीच्या खालच्या बाजूला लायब्ररी असते, तिथे सेकंड लाइफने दिलेले तयार अवतार आहेत. त्यातलं एक फोल्डर निवडून उजव्या क्लिकने 'रिप्लेस करंट आउटफिट' करा. त्या फोल्डरात बांधा, त्वचा, केस, डोळे सगळं एकत्र असतं, त्यामुळे 'करंट आउटफिट' नव्याने लिहिलं जातं आणि अडकलेलं गाडं हलतं. लायब्ररी उघडत नसेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि क्यू दाबून डेव्हलप मेनू आणा, त्यात अवतार, त्यात कॅरेक्टर टेस्ट्स, आणि तिथून टेस्ट फीमेल किंवा टेस्ट मेल निवडा. साधासुधा माणूस उभा राहिला म्हणजे सर्व्हर ठीक आहे. मग आपला आउटफिट पुन्हा चढवा. तो चढवताच परत ढग झाला तर त्या आउटफिटमध्येच काहीतरी तुटलेलं आहे. सगळं एकदम घालू नका, वस्तू एकेक करून घाला, म्हणजे गुन्हेगार सापडेल.

माझ्या मावसबहिणीचा ढग या जातीचा होता. माझं दुखणं बरं झाल्यावर दोन महिन्यांनी ती ढग झाली, आणि तिला पाहणारे सगळे म्हणाले, ढगच आहे. रीबेक झालं, तयार अवतार झाला, तरी काही हलेना. मग तिला विचारलं, इन्व्हेंटरीच्या खिडकीत आकडा किती दिसतो? ती म्हणाली, अठरा हजार. नेहमी किती असतो? चाळीस हजारांच्या वर. म्हणजे अर्ध्याहून जास्त सामान उतरलंच नव्हतं. करंट आउटफिटमधले दुवे ज्या वस्तूंकडे बोट दाखवत होते, त्या वस्तूच तिच्या व्ह्यूअरला माहीत नव्हत्या.

अशा वेळी फक्त इन्व्हेंटरीची कॅशे पुसा. प्रेफरन्सेसमध्ये तिचा पर्याय चित्रांच्या कॅशेपासून वेगळा असतो. व्ह्यूअर बंद करा, पुन्हा उघडा, आणि लॉगिनच्या पानावर जागेच्या चौकटीत एखाद्या निवांत रिजनचं, म्हणजे त्या जगातल्या जमिनीच्या एका तुकड्याचं, नाव टाका. अनुभवी लोक यासाठी पूटरसारखी, जिथे सहसा कुणी नसतं अशी रिकामी रिजन लक्षात ठेवतात. तिथे पोचल्यावर चालू नका, उडू नका, टेलिपोर्ट करू नका. इन्व्हेंटरी उघडून शोधाच्या चौकटीत कुठलीही दोन अक्षरं टाइप करा, म्हणजे व्ह्यूअर सगळी फोल्डरं मागवू लागतो. आकडा वाढत वाढत थांबेपर्यंत बसा. तिला वीस-पंचवीस मिनिटं लागली. आकडा स्थिर झाला आणि रीबेक न करताच ती दिसू लागली.

तिची इन्व्हेंटरी पुन्हा अडली नाही याचं एक कारण तिने नंतर केलेली आवराआवर आहे असं मला वाटतं. एकाच फोल्डरात हजारो वस्तू सुट्या पडलेल्या असतील तर ते फोल्डर उतरवताना दम लागतो. त्याच वस्तू पोटफोल्डरांत विभागल्या की सगळं सहज उतरतं. मोफत मिळालेली प्रत्येक भेट उघडून तशीच टाकून द्यायची सवय असेल तर एक दुपार काढून हे कराच. आपण माळा झाडतो, त्यातलंच हे काम आहे.

फक्त तुम्हालाच बिघडलेलं दिसत असेल तर

आता माझं दुखणं. मी सकाळी लॉगिन केलं की सगळं ठीक. रात्री आठनंतर ढग. कधी मी ढग, कधी आजूबाजूचे सगळे राखाडी पुतळे. तिकडे बाकीच्यांना मात्र मी नीट दिसत होते. तीन रविवार मी हेच केलं: कॅशे पुसली, व्ह्यूअर काढून पुन्हा टाकला, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला. प्रत्येक वेळी दुखणं वाढलं, कारण कॅशे पुसली की आधी उतरवलेली प्रत्येक भिंत, प्रत्येक झाड, प्रत्येक कपडा नव्याने उतरवावा लागतो, आणि तेही ज्या वेळी इंटरनेट सर्वात दमलेलं असतं नेमकं तेव्हा. कॅशे पुसणं हा शेवटचा उपाय आहे. तो पहिला करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

चौथ्या रविवारी कंट्रोल, शिफ्ट आणि १ एकत्र दाबले. यातून आकड्यांची एक पट्टी उघडते. त्यातले दोनच आकडे बघायचे, पॅकेट लॉस आणि पिंग. पॅकेट लॉस म्हणजे वाटेत हरवणाऱ्या निरोपांचं प्रमाण, पिंग म्हणजे निरोप जाऊन यायला लागणारा वेळ. सेकंड लाइफचे सर्व्हर अमेरिकेत आहेत, त्यामुळे महाराष्ट्रातून तो दोनशे-तीनशे मिलिसेकंदांच्या घरात असणारच. त्याची काळजी करू नका. अंतर आहे, वेळ लागतो, अवतार त्याने बिघडत नाही. पॅकेट लॉस मात्र शून्य किंवा शून्याच्या अगदी जवळ हवा. माझा पाच टक्क्यांच्या वर उड्या मारत होता.

याचा अर्थ असा. चित्रं आणि मेश उतरवायची वाट वेगळी आहे. तिथे काही हरवलं तर व्ह्यूअर पुन्हा मागतो. पण कोण कुठे उभा आहे, कुणाची नवी बेक केलेली चित्रं कोणती, हे छोटे निरोप वेगळ्या वाटेने येतात आणि त्या वाटेवर गळती सहज होते. निरोपच पोचला नाही तर चित्र मागायचं हेच तुमच्या व्ह्यूअरला कळत नाही. सर्व्हरकडे माझी निळी साडी शिजून तयार होती, टोरोंटोला ती पोचलीही होती. नाशिकला तिची वर्दीच लागली नाही.

आमच्या घरी राउटर दिवाणखान्यात आणि माझा लॅपटॉप दोन भिंतींपलीकडे. रात्री इमारतीतल्या प्रत्येक घरातलं वायफाय जोरात चालू असतं आणि सगळी एकाच पट्ट्यात एकमेकांवर ओरडतात. सकाळी ती शांत असतात, म्हणून माझा अवतार सकाळी ठीक. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत साधी नेटवर्कची तार ओढली, दाराच्या चौकटीशेजारून, आणि पॅकेट लॉस त्याच रात्री शून्यावर आला. तार ओढणं शक्यच नसेल तर निदान राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जा आणि त्याच खोलीत बसा. तपासणीपुरती का होईना, एकदा तार जोडून बघाच. त्यातून लगेच कळतं की दोष वायफायचा आहे की बाहेरच्या लाइनचा. तार जोडूनही गळती राहिली, तर वेळ आणि आकड्यांसकट इंटरनेटवाल्यांकडे तक्रार करा.

दुसरी गोष्ट व्ह्यूअरमधली बँडविड्थची मर्यादा. आपलं कनेक्शन शंभर एमबीपीएसचं आहे म्हणून लोक तो सरकता दांडा अगदी टोकाला नेतात. मीही नेला होता. ही मर्यादा फक्त त्या छोट्या निरोपांच्या वाटेला लागू असते, चित्रांना नाही. दांडा टोकाला नेल्याने वेग वाढत नाही, उलट राउटर गुदमरतो. फायरस्टॉर्म हा व्ह्यूअर बनवणाऱ्यांचा सल्ला १५०० केबीपीएसच्या वर जाऊ नका असा आहे, आणि वायफायवर त्याहूनही कमी ठेवा. मी हजारावर ठेवलं आहे.

घरं, झाडं, रस्ते सगळं स्वच्छ दिसतंय पण झाडून सगळे अवतार राखाडी आहेत, असं असेल तर विचार थोडा वेगळा करा. बेक केलेली चित्रं बाकीच्या चित्रांच्या ठिकाणाहून येत नाहीत, त्यांची सेवा वेगळी आहे. तिथपर्यंतची वाट तुमच्या फायरवॉलने, कार्यालयाच्या नेटवर्कने किंवा बिघडलेल्या डीएनएसने (सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा) अडवलेली असू शकते. राउटर बंद करून दोन मिनिटांनी चालू करा, डीएनएस बदलून पाहा, फोनचा हॉटस्पॉट जोडून पाहा. हॉटस्पॉटवर सगळे रंगीत झाले तर उत्तर मिळालं. अँटिव्हायरसही एकदा बघा. व्ह्यूअर कॅशेत ठेवत असलेली प्रत्येक छोटी फाइल तो थांबवून तपासत बसला तर सगळंच रेंगाळतं. कॅशेचं फोल्डर त्याच्या अपवादांच्या यादीत टाका.

चित्र क्षणात स्पष्ट, क्षणात धूसर, पुन्हा स्पष्ट, असं सतत होत असेल तर ग्राफिक्सची मेमरी अपुरी पडते आहे. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर हे फार होतं, आणि नवे पीबीआर मटेरियल (वस्तूंचे पृष्ठभाग खऱ्यासारखे दाखवणारी पद्धत) आल्यापासून मेमरीची भूक वाढली आहे. ड्रॉ डिस्टन्स, म्हणजे किती लांबपर्यंतचं दाखवायचं ते अंतर, ६४ मीटरपर्यंत खाली आणा, ब्राउझरच्या खिडक्या बंद करा, गर्दीच्या जागी एका वेळी किती अवतार पूर्ण दाखवायचे तो आकडा कमी करा. फायरस्टॉर्ममध्ये चित्रांचं आकारमान ५१२ पिक्सेलपुरतं मर्यादित ठेवायचा पर्यायही आहे.

आणि एकच माणूस तुम्हाला सतत राखाडी दिसत असेल तर तुम्ही त्याला कधीतरी ब्लॉक केलं आहे का ते पाहा. फायरस्टॉर्ममध्ये एखादी वस्तू कायमची डीरेंडर केलेली, म्हणजे आपल्या पडद्यावरून लपवलेली, असेल तर तीही ब्लॅकलिस्टमध्ये जाऊन बसते आणि महिन्यांनंतर आपण शोधत राहतो की समोरच्याचे बूट कुठे गेले.

तुम्ही ठीक, पण काहींना भलतेच दिसता

कुणी म्हणालं की तू मला एका रंगाची बाहुली दिसतेस, तर घाबरू नका. याला जेलीडॉल म्हणतात आणि हा बिघाड नाही. २०१६ पासून प्रत्येकाला ठरवता येतं की किती जड अवतार आपल्या संगणकाने पूर्ण दाखवायचे. जडपणा मोजायला कॉम्प्लेक्सिटी नावाचा आकडा आहे. तुमचा आकडा समोरच्याच्या मर्यादेपलीकडे गेला की तो तुमचा साधा आकार तेवढा दाखवतो. तुम्ही स्वतःला नेहमी पूर्णच दिसता, म्हणून तुम्हाला याचा पत्ता लागत नाही. भोवतालच्या इतक्या टक्के लोकांना तुम्ही कदाचित दिसत नाही, अशी सूचना व्ह्यूअर कोपऱ्यात देतो. ती वाचत जा.

आकडा बहुतेक वेळा केसांमुळे आणि दागिन्यांमुळे फुगतो. एखाद्या ठुशीचा प्रत्येक मणी कुणी इतक्या बारकाईने घडवलेला असतो की ती एकटीच अख्ख्या अवतारापेक्षा जड होते. अंगावर ३८ वस्तू जोडता येतात, म्हणून ३८ जोडायलाच हव्यात असं नाही. एकेक वस्तू उतरवून आकडा किती पडतो ते बघा. मी अशीच एक नथ शोधून काढली आणि तिच्या जागी हलकी नथ घेतली. लोकांना फरक दिसला नाही, मी मात्र दिसू लागले. समोरचा जवळचा असेल तर तो तुमच्यावर उजवी क्लिक करून तुम्हाला नेहमी पूर्ण दाखवायची निवड करू शकतो, पण बाजारात भेटणाऱ्या प्रत्येकाला तसं सांगता येत नाही.

धड लाल दिसतंय असं कुणी सांगितलं तर त्याचा व्ह्यूअर फार जुना आहे. २०१९ मध्ये बेक केलेली चित्रं थेट मेश शरीरावर चढवायची सोय आली. ज्या व्ह्यूअरला ती कळत नाही तो तिथे लाल रंग दाखवतो. त्याने व्ह्यूअर नवा घ्यावा, तुम्ही काही करायचं नाही.

वाकडे हातपाय

मान आत गेली, हात लांबले, माणूस बुटका झाला, हे सहसा आधी घातलेल्या दुसऱ्या शरीरामुळे होतं. काही मेश शरीरं, विशेषतः प्राणी, लहान मुलं किंवा राक्षस, हाडांची जागाच बदलतात. ते शरीर उतरवल्यावरही हाडं कधी कधी तिथेच अडकून राहतात. २०१६ च्या शेवटी बोटं, चेहरा, पंख, शेपटी यांच्यासाठी नवी हाडं आली, तेव्हापासून वाकडं व्हायला जागाही वाढल्या.

उपाय सोपा आहे. अवतारावर उजवी क्लिक करून 'रीसेट स्केलेटन' करा. हलचालीही अडकल्या असतील तर त्याच्या शेजारचा, स्केलेटन आणि अ‍ॅनिमेशन्स दोन्ही रीसेट करणारा पर्याय घ्या. इथे एक गोष्ट फार जणांना माहीत नसते: हा रीसेट फक्त तुमच्या पडद्यावर होतो. तुम्ही स्वतःला सरळ केलंत म्हणून समोरच्याला सरळ दिसाल असं नाही, त्याने त्याच्या पडद्यावर तुमच्यावर क्लिक करून तेच करायला हवं. अशा वेळी "मी केलं, तरी होत नाही" आणि "माझ्याकडे तर ठीक आहे" अशी भांडणं मी स्वतः ऐकली आहेत. दोघंही खरं बोलत असतात.

पाय जमिनीत रुतले किंवा अवतार हवेत तरंगतोय असं असेल तर हाडांना हात लावू नका. उजव्या क्लिकमध्ये 'हॉवर हाइट' आहे, तिथला दांडा सरकवा.

साडीतून खांदा बाहेर

हा प्रकार नव्याने आलेल्यांना सर्वात जास्त छळतो. मेश कपडा म्हणजे अंगाभोवतीचं एक ताठ कवच असतं, आणि आतलं शरीर त्यातून डोकावतं. म्हणून कपड्याखालचं अंग अदृश्य करावं लागतं. मूळ अवतारासाठी अल्फा नावाचा थर कपड्याबरोबरच मिळतो, तो घालायला लोक विसरतात. मेश शरीराच्या हेड्सअपमध्ये, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या बटणांच्या पाटीवर, अंगाचे तुकडे झाकायची बटणं असतात. उलटंही होतं: साडी उतरवली, अल्फा तसाच राहिला, आणि आता पोटच गायब. कुठला तरी अवयव नाहीसा झाला तर आधी 'करंट आउटफिट' उघडून त्यात राहून गेलेला अल्फा शोधा. अदृश्य वस्तू अंगावर अडकली आहे अशी शंका असेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि टी दाबा, पारदर्शक गोष्टी लाल दिसतात.

आणि कपडा तुमच्याच शरीराच्या नावाचा घ्या. मैत्रेय कंपनीच्या लारा या मेश शरीरासाठी शिवलेला पोलका दुसऱ्या कंपनीच्या शरीरावर बसणार नाही, कितीही अल्फा लावले तरी. डेमो मोफत असतो, आधी तो घालून बघा, हात वर करा, बसा, मग पैसे द्या.

मदत मागताना

हे सगळं करूनही राहिलं तर आधी सेकंड लाइफचं ग्रिड स्टेटसचं (तिथल्या सर्व्हरची स्थिती सांगणारं) पान उघडा. दर मंगळवारी आणि बुधवारी तिथे रिजन पाळीपाळीने बंद करून चालू करतात. तिकडची पहाट-सकाळ म्हणजे आपली दुपार ते रात्र. त्या वेळात काही अडलं तर तासाभराने पुन्हा या.

नाहीतर मदतीच्या गटात किंवा तिकिटात लिहा, पण "अवतार दिसत नाही" एवढंच लिहू नका. हेल्प मेनूतल्या 'अबाउट'मध्ये व्ह्यूअरची आवृत्ती, ग्राफिक्स कार्ड, पॅकेट लॉस, रिजन हे सगळं असतं आणि एका बटणाने कॉपी होतं. ते तसंच चिकटवा. इन्व्हेंटरीचा आकडा द्या, आधी किती होता तेही द्या. कुठल्या वेळी होतं, वायफाय आहे की तार, रीबेक आणि तयार अवतार करून पाहिला का, ते लिहा. आणि या सगळ्याच्या आधी, पहिल्या ओळीत, मला काय दिसतंय आणि शेजारी उभ्या असलेल्याला काय दिसतंय.